वाजणारे ब्रेक आणि लागणारे ब्रेक

सानपाड्यात सकाळी आठच्या सुमाराला कोण ऑफिसला निघालं, हे कळायला खिडकीत जाऊन उभं राहावं लागत नाही. पोडियमच्या उतारावरून गाडी खाली येते आणि गेटपाशी पोचेपर्यंत आपला मालक कोण ते स्वतःच्या तोंडाने सांगते. 'चुईंऽऽ' असा लांबट, शेवटी वर चढणारा सूर आला की बी विंगमधले बँकवाले. 'किर्र, किर्र, किर्र' असा तुकड्यातुकड्यांनी आला की आयटीतलं जोडपं. ती गाडी चालवते आणि तो शेजारच्या सीटवर बसून ब्रेक दाबतो. नुसताच एक 'क्वँक' झाला की पाचव्या मजल्यावरचे डॉक्टर, ज्यांच्या गाडीलासुद्धा जास्त बोलायला वेळ नसतो. आमचा वॉचमन गेट आवाजावर उघडतो. खुर्चीतून उठायचं की बसल्या बसल्या पायाने गेट ढकलायचं, हे तो मान वर न करता ठरवतो. बँकवाल्यांच्या सुराला उठतो. ते कमिटीत आहेत.

ब्रेक काय सगळीकडेच वाजतात, मग सानपाड्याचं एवढं कौतुक कशाला, असं एखादा कोपरखैरणेवाला विचारेल. स्टेशन, शाळा, मार्केट हाकेच्या अंतरावर, असं बिल्डरच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं. ब्रेक वाजायला लागणाऱ्या सर्व सोयीही हाकेच्या अंतरावर आहेत, हे मात्र बिल्डर लिहायला विसरले. वेगात असलेल्या गाडीला करकचून ब्रेक मारला तर तो सहसा किंचाळत नाही. किंचाळतो तो हळू चाललेल्या गाडीत, पाय नुसता टेकवल्यावर. आणि पाय नुसता टेकवायला सानपाड्यात कारणांचा तोटा नाही. पोडियमचा उतार, उताराच्या तळाशी वळण, वळणावर कोणीतरी 'दोनच मिनिटं' म्हणून लावलेली स्कूटर, मग गेट, गेटबाहेर गतिरोधक आणि त्याच्यापुढे, ज्या सोसायटीला पहिल्या सोसायटीचा गतिरोधक पुरेसा वाटला नाही, तिचा स्वतःचा गतिरोधक. पाम बीच रोडला लागेपर्यंत गाडीला तिसरा गिअर बघायला मिळत नाही. त्यात पोडियमखाली वर स्लॅब, खाली काँक्रीट आणि चहूबाजूंनी खांब. बोटभर आवाज तिथे हातभर होतो.

राहिलेली कसर खाडी भरून काढते. पाम बीचच्या पलीकडे ठाण्याची खाडी पसरलेली आहे. घराला 'क्रीक व्ह्यू' म्हणून आपण जास्तीचे पैसे मोजले, पण खाडीची खारी, दमट हवा खाली पार्किंगमध्ये फुकट येते. चाकाच्या आत जी बिडाची चकती असते, ती डिस्क, तिच्यावर एका रात्रीत गंजाचा तांबूस पापुद्रा धरतो. पावसाळ्यात तर विचारूच नका. सकाळच्या पहिल्या दोनचार ब्रेकना पॅड हा पापुद्रा खरवडून काढतात, आणि खरवडण्याचं काम आजवर कोणाला गुपचूप करता आलेलं नाही. सायन-पनवेल हायवे गाठेपर्यंत डिस्क चकचकीत होते आणि आवाज बंद. म्हणजे गाडी ओरडते ती फक्त शेजाऱ्यांसमोर. गॅरेजमध्ये नेली की एक अक्षर बोलत नाही. मेस्त्री एक चक्कर मारून येतो, किल्ली आपल्या हातात ठेवतो आणि "कुठे आवाज येतोय, साहेब?" असं इतक्या मायेने विचारतो की आपल्याला कानाच्या डॉक्टरकडे जावंसं वाटतं.

गाडी वाजते म्हटल्यावर गप्प बसणं सभासदांच्या रक्तात नाही. लिफ्टमध्ये चार मजले चढेपर्यंत चार निदानं मिळतात. "पॅड गेले" हे पहिलं आणि सर्वात स्वस्त निदान. "चायनाचे टाकले असतील" हे दुसरं. "गाडी बायकोला देता का?" हे तिसरं, ते लिफ्टमध्ये वहिनी नसतील तरच. चौथं निदान नव्या काळातलं आहे: पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आल्यापासून गाडीचं काहीही बिघडलं तरी ते इथेनॉलवर ढकलायची सोय झाली आहे. पेट्रोलचा आणि ब्रेकचा एकमेकांशी परिचयसुद्धा नसतो, असं सांगून उपयोग होत नाही. हा मुद्दा एकदा वार्षिक सभेत निघाला, तेव्हा ज्यांचा कोल्हापूरकडे ऊस आहे त्या सभासदांनी उभं राहून तीव्र आक्षेप नोंदवला आणि ब्रेकचा विषय बाजूला राहून साखर कारखान्यांवर पाऊण तास चर्चा झाली.

आमच्या इमारतीत अधिकारवाणीने बोलू शकेल असा माणूस एकच, तिसऱ्या मजल्यावरचे काका. मध्य रेल्वेची लोकलची तीन कारशेडं: कुर्ला, कळवा आणि सानपाडा. काकांची नोकरी सानपाड्याच्या कारशेडमध्ये झाली, त्यामुळे चार चाकांच्या वाहनाकडे ते करुणेनेच बघतात. "तुमचं काय, चार चाकं आणि एक पाय," ते म्हणतात. "आमची बारा डब्यांची गाडी. ब्लॉक थेट चाकावर दाबला जायचा. ओरडणार नाही तर काय? आता नव्या गाड्या आधी मोटरनेच वेग मोडतात. मोटर उलटी जनरेटर होते, वीज परत वायरीत पाठवते, आणि ब्लॉक येतो शेवटी शेवटी. म्हणून किंचाळी फलाटातच ऐकू येते." तुर्भ्याकडे जाणाऱ्या वळणावर येतो तो आवाज ब्रेकचा नसून रुळावर घासणाऱ्या चाकाचा, ही माहिती ते न विचारता देतात. आणि बोलणं संपवताना ठरलेलं वाक्य: "थांबताना ओरडणारी गाडी थांबते तरी. मला भीती न ओरडता न थांबणाऱ्या गाडीची."

काकांच्या वाक्यामागचं शास्त्र फार अवघड नाही. चाकाबरोबर डिस्क फिरते. आपण पाय दाबला की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपर दोन्ही बाजूंनी दोन पॅड त्या डिस्कवर आवळतो. घर्षण होतं, वेग उतरतो, उष्णता निघते. गोम पुढे आहे. पॅड डिस्कवरून सरळ घासत जात नाही. क्षणभर चिकटतो, थोडा ओढला जातो, सुटतो आणि परत चिकटतो, आणि हे सगळं सेकंदात हजारो वेळा. फळ्यावर खडू किंचाळतो तो ह्याच न्यायाने. जुने मास्तर खडूचे दोन तुकडे करून लिहायचे त्यात काटकसर नव्हती. लांबी बदलली की कंप बदलतो आणि किंचाळी मोडते. ब्रेकमध्ये ही थरथर डिस्कच्या स्वतःच्या सुराशी जुळली की डिस्क वाजू लागते. तो आवाज साधारण 1,000 ते 16,000 हर्ट्झमध्ये कुठेही असू शकतो. माणसाचा कान सर्वात तिखट असतो 2,000 ते 5,000 हर्ट्झच्या दरम्यान, आणि पुष्कळसे ब्रेक नेमके तिथेच गातात. वय वाढलं की वरचे सूर ऐकू येणं कमी होत जातं. म्हणून एकाच गाडीत मागे बसलेला नातू कान दाबून ओरडतो आणि पुढचे आजोबा "गाडी कशी लोण्यासारखी चाललीय" म्हणतात. दोघंही खरं बोलत असतात.

हा आजार आजचा नाही. फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरने 1902 साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्याच्या ब्रेकला तांब्याचं अस्तर होतं. धातूवर धातू घासला की जे होतं तेच झालं. गाडी थांबायची, पण गावाला जाग यायची. थोड्याच वर्षांत हर्बर्ट फ्रूडने अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर आणलं आणि किंचाळी आटोक्यात आली. पुढे कळलं की अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांचा घात करते. म्हणजे कानाला आराम दिला आणि छातीवर संकट आलं. आजच्या पॅडमध्ये राळ, धातूचा कीस, ग्रॅफाइट, तंतू अशी बरीच खिचडी असते. धातू जास्त असेल तर पॅड टिकतो, उष्णता सोसतो आणि वाजतो. मऊ असेल तर गप्प राहतो आणि लवकर झिजतो. शांत, टिकाऊ आणि स्वस्त असा पॅड मागणाऱ्या गिऱ्हाइकाला काउंटरवरचा माणूस म्हणतो, "ह्यातले कोणतेही दोन घ्या."

गाड्या बनवणारे लोक ह्या आवाजाचा छडा लावण्यात आयुष्य घालवतात. आख्खा ब्रेक यंत्रावर चढवून, गरम करून, थंड करून, हलका दाबून, जोरात दाबून त्याला बोलतं करतात आणि साधारण 70 डेसिबलच्या पुढे गेला तरच त्याला किंचाळी म्हणतात. आमच्याकडचा निकष कडक आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 आणि रात्रीची 45 डेसिबल, हे आमच्या सेक्रेटरींना तोंडपाठ आहे. पुण्यात वाहनांचे आवाज मोजायला टेकडीवर एआरएआयसारखी संस्था बसवावी लागली. आमच्याकडे ते काम एकटे सेक्रेटरी बाल्कनीतून करतात. त्यांच्या स्वतःच्या गाडीचा ब्रेक कधीही वाजत नाही, आणि हा त्यांच्या चारित्र्याचा भाग समजला जातो.

सगळ्या किंचाळ्या सारख्या नसतात. सकाळची, गंजाची किंचाळी निरुपद्रवी. दोनचार ब्रेकमध्ये विरते. पाऊस ओसरला की मागच्या चाकांच्या ड्रममध्ये धूळ आणि चिखलाची भुकटी साचून 'घूँऽऽ' असा दबका आवाज येतो, तो ड्रम उघडून साफ केला की जातो. काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीत बसलेल्यांना हा आवाज सांगायला नको. तिच्या चारही चाकांना ड्रमच होते, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली तेव्हा एक आख्खी गायकी तिच्याबरोबर गेली. घाटात सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्यांचे पॅड तापून वरून काचेसारखे गुळगुळीत होतात, मग तेही वाजतात. लोणावळ्याहून भजी खाऊन परतलेल्या गाड्या सोमवारी ओळखू येतात त्या ह्यामुळे.

आणि एक आवाज असा आहे की तो इंजिनिअरांनी पगार घेऊन, ठरवून, माणसाच्या डोक्यात जाईल असाच बनवलाय. पुष्कळ पॅडना पोलादाची एक छोटी जीभ लावलेली असते. नवा पॅड साधारण बोटभर जाडीचा असतो, तोवर ही जीभ मुकी असते. पॅड झिजून 2 ते 3 मिलिमीटर उरला की ती डिस्कला टेकते आणि अखंड चिरकते. तिचा निरोप एवढाच: "पॅड बदला." तिच्याकडे दुर्लक्ष केलं तर काही दिवसांनी आवाज चिरका राहत नाही, 'घर्रर्र' होतो. म्हणजे पॅड संपला, आता त्याच्या पाठीची लोखंडी पट्टी डिस्क कातते आहे आणि पॅडच्या बिलात डिस्कचं बिल जमा होतं आहे. ह्या जिभेवर सानपाड्यातच नव्हे, सबंध मुंबई प्रदेशात जो उपाय सर्वाधिक केला जातो तो म्हणजे एफएमचा आवाज वाढवणे.

गॅरेजमध्ये उभं राहून हे काम बघण्यासारखं असतं. मेस्त्री जॅक लावतो, चाक उतरवतो, कॅलिपरचे बोल्ट सोडवून तो बाजूला वळवतो आणि दोन्ही पॅड तळहातावर घेऊन आपल्यासमोर धरतो. एक चांगला जाड, दुसरा पापडाइतका. "साहेब, पॅडचा काय दोष नाही. पिन जाम झालीय. एकच बाजू काम करते." ज्या पिनांवर कॅलिपर मागेपुढे सरकतो, त्या कोरड्या पडून, गंजून अडकलेल्या असतात. तो त्या ओढून काढतो, पुसतो, तारेच्या ब्रशने पॅड बसायच्या खाचा घासतो, ब्रेक क्लीनरचा फवारा मारतो. मग एका छोट्या ट्यूबमधून उष्णता सोसणारं खास ग्रीस करंगळीवर घेतो. पिनांना थोडं, पॅडच्या पाठीला थोडं, पाठीमागच्या 'शिम' नावाच्या पातळ पत्र्याला थोडं. "इथे ग्रीस," तो पॅडची पाठ दाखवतो. मग पॅड उलटा करून घासणारी बाजू दाखवतो. "आणि इथे लावलं, तर मोराज सर्कलला सिग्नल लागला तरी तुम्ही खाडीत."

पॅडच्या कडा ताशीव असतील तर तो पॉलिश पेपरवर घासून त्या तिरक्या करतो, गुळगुळीत झालेला पृष्ठभाग जरा खरखरीत करतो. डिस्कवर चर पडले असतील तर ती लेथवर टर्निंगला जाते, पण किती कातायची त्याला हद्द आहे; कमीत कमी जाडी किती हवी ते डिस्कवरच कोरलेलं असतं. त्याच्या खाली गेली की नवीच डिस्क. एवढं केलं की दहातल्या नऊ गाड्या गप्प बसतात, असं मेस्त्री म्हणतो. दहावी कोणाची ते तो सांगत नाही.

नवे पॅड टाकल्यावर त्यांचं आणि डिस्कचं जमवून द्यावं लागतं. मोकळ्या रस्त्यावर गाडी 50-60 च्या वेगाला न्यायची, मध्यम ब्रेक लावून 10 पर्यंत आणायची, पूर्ण थांबवायची नाही, परत वेग घ्यायचा, मध्ये ब्रेक निवू द्यायचे, असं बरेच वेळा. पॅडचा एक पातळ, सारखा थर डिस्कवर चढतो आणि दोघं सुखाने नांदतात. सल्ला उत्तम आहे. फक्त रविवारी पहाटे पाम बीचवर एक गाडी विनाकारण वेग घेते, विनाकारण मंदावते, परत वेग घेते, हे मागून येणाऱ्याला आणि सायकलवाल्यांच्या तांड्याला कसं समजावायचं, हे मेस्त्री शिकवत नाही. 'नवे पॅड जुळवत आहोत' अशी पाटी मागच्या काचेवर लावायला हरकत नाही.

घरगुती उपायांची परंपरा मात्र ह्याहून जुनी आणि जास्त धोक्याची. दाराच्या बिजागरीवर जो स्प्रे मारतात तो डिस्कवर मारला की आवाज तत्काळ जातो, अशी पोस्ट सोसायटीच्या ग्रुपवर वर्षातून एकदा येतेच. आवाज जातो, अगदी खरं आहे. तेल लागल्यावर घर्षणच जातं, मग आवाज कसला? ब्रेकही जातो. ज्यांनी खोबरेल सुचवलं त्यांचा हेतू चांगला होता, केस दाट होते. कॉम्प्रेसरने हवा मारून ब्रेकची धूळ उडवणं हाही असाच उपाय. जुन्या अस्तरांची धूळ नाकात घेण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसलेली बरी. आणि गाडी महिनाभर उभी ठेवून गावाला जाणाऱ्यांनी सपाट जागेवर हँडब्रेक ओढून ठेवण्याऐवजी गिअरमध्ये ठेवावी, चाकामागे दगड लावावा. नाहीतर पावसाळी हवेत मागचा ब्रेक शू ड्रमला असा चिकटतो की परत आल्यावर गाडी हलताना जो 'खटाक' होतो, त्याला सी विंगही खिडकीत येते.

खिडकीत येणारी ही माणसंच आमच्याकडे गाडीची खरी सर्व्हिसिंग करून घेतात. जो बिघाड चारचौघांना ऐकू येतो, त्याच्यावर आपण खर्च करतो. जो फक्त चालवणाऱ्याच्या तळपायाला कळतो, तो तळपायातच ठेवतो. ब्रेकचं पेडल मऊ लागतं, खाली जातं, दोनदा मारल्यावर धरतं. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. ह्यातलं काहीच लिफ्टमध्ये ऐकू येत नाही, त्यामुळे कोणी विचारत नाही, त्यामुळे लाज वाटत नाही, त्यामुळे गॅरेजला जायचं कारण उरत नाही. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेतं आणि सर्वसाधारणपणे दोन वर्षांनी बदलायचं असतं, हे गाडीच्या पुस्तकात छापलेलं आहे. ते पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये, पीयूसीखाली, टिश्यूच्या डब्याखाली, वेष्टणासकट आहे. पाणी शोषलेलं ऑइल तापलं की त्यात वाफ धरते आणि पेडल जमिनीला टेकतं. हे सगळं अगदी शांतपणे होतं.

आमच्या सेक्रेटरींचं पेडल गेलं वर्षभर दोनदा मारावं लागत होतं. "सवय आहे हाताची," ते म्हणायचे, पायाबद्दल बोलताना. ह्याच काळात त्यांनी वाजणाऱ्या ब्रेकविरुद्ध मोहीम उघडली. कमिटीपुढे आलेला मसुदा असा होता: 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की आवारातील शांतता राखण्यासाठी सकाळी 6 ते 8 या वेळेत पोडियमच्या उतारावर शक्यतो ब्रेकचा वापर टाळावा.' बँकवाल्यांनी "'शक्यतो' काढा, पळवाट राहते" अशी दुरुस्ती सुचवली. काकांनी, उतारावर ब्रेक न लावता गाडी गेटपाशी कशी थांबवायची, असा तांत्रिक प्रश्न विचारला. तो पुढच्या सभेवर ढकलण्यात आला. ठराव बहुमताने मंजूर झाला. सूचना छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून, गेटच्या उजव्या खांबाला चिकटवण्यात आली.

त्या खांबाला त्याच आठवड्यात सेक्रेटरींची गाडी जाऊन धडकली. इजा कोणाला नाही; बंपर गेला आणि सूचना फाटली. घटनेच्या नोंदवहीत वॉचमनने स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय: 'साहेबांच्या गाडीचे ब्रेक वाजले नाहीत. लागले पण नाहीत.'